कमी खाणारे जंत

माय, तुझा नवरा जेवत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुला सांगून काय उपयोग, पण दुसऱ्या कुणाला सांगू? शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणतात, म्हातारपणी असंच असतं. म्हातारपण कसलं डोंबलाचं! दिवाळीच्या सुट्टीत मी आले होते तेव्हा हाच माणूस वाटूर फाट्यावर उभा राहून माझ्या वाटणीची भजीसुद्धा संपवत होता. आता सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी अर्धी. उरलेली अर्धी मोडून परत टोपल्यात. आणि तोंडावर असा भाव, की जसं काही मोठं काम करून राह्यलेत. गळ्याची हाडं वर आलीत. परवा मोरीकडं जाताना भिंत धरून उभे राहिले, मी धावले तर म्हणाले, "काय न्हाई, चप्पल सरकली." चप्पल पायात नव्हतीच. आणि हे सगळं कुणामुळं, तर माझ्यामुळं. म्हणजे माझ्या जंतांमुळं.

माझं काम तुला कधी सांगायलाच मिळालं नाही. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत किडे पाळते. हसू नकोस. तिळापेक्षा बारीक, आरपार दिसणारे, जंतांच्याच जातीतले, पण कुणाच्या पोटात राहत नाहीत. काचेच्या बशीत त्यांचा संसार असतो, त्यात जिवाणूंचा एक ठिपका टाकायचा, तेच त्यांचं खाणं. दोन-तीन आठवड्यांत ते जन्मतात, अंडी घालतात, म्हातारे होतात आणि मरतात. म्हातारे कसे होतात ते मी बघत बसते. चाल मंदावते, खाणं मंदावतं, शेवटी बारीक तारेनं डिवचलं तरी नुसतं डोकं हलवतात. ज्या बशीत मी जिवाणू पातळ करून टाकते, तिथले किडे जास्त दिवस टिकतात. खाणं कमी झालं की त्यांच्या अंगातला वाढीचा कारभार मंद होतो, अंडी कमी होतात, आणि पेशी आपल्याच आतलं मोडकं-तोडकं गोळा करून वापरायला काढतात. हे काही मी शोधलेलं नाही, माझ्याआधीच्या लोकांना ठाऊक होतं. मी त्याच्या पुढचं काहीतरी बघतेय.

हेच मी दिवाळीत ओट्यावर बसून अण्णांना सांगितलं, चांगलं हौसेनं, हातवारे करून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे कमी खाल्लं की जास्त जगतं?" मी म्हणाले, "किड्यांत, अण्णा." ते म्हणाले, "बराबर." तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून भाकरी मोडायला सुरुवात. गावभर सांगत सुटले, माझ्या लेकीनं शोधलंय म्हणून. मला आधी वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय. मी फोनवर रागावले, समजावलं, तुमचं वय काय, वजन काय, माणसाचं अंग म्हणजे बशीतला किडा आहे का? ते म्हणायचे, "तू तुझं काम कर बाई, मी माझं करून राह्यलो." शेवटी या आठवड्यात रजा टाकून आले.

आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चुलीपुढं बसले की तू दिसतेस. या घरात तू कधी राहिली नाहीस, तरी दिसतेस. जालन्यात कारखान्यांच्या मागं आपली ती एक खोली, अण्णा लोखंडाच्या भट्टीवरून येतायत, डोळे लाल, आणि तू गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकतेस, मग माझ्या. स्वतः जेवायला बसायचीस ती भिंतीकडं तोंड करून. तुझ्या ताटात काय आहे ते आम्हाला कधी दिसलं नाही. विचारलं की म्हणायचीस, "मी मघाच खाल्लं." कधी मघाच, माय? दिवसभर बियाण्याच्या गोदामात उकिडवी बसून बी निवडायचीस, तिथून आल्यावर लगेच चूल पेटवायचीस. तो तुझा मघाचा वेळ होता तरी कुठं?

आणि हीच तू, अंगारकीच्या दिवशी माझ्यावर कशी फुटली होतीस! वर्गातल्या मैत्रिणी राजूरच्या गणपतीला पायी गेल्या, त्यांच्या नादानं मीही उपास धरला. तू मला हाताला धरून चुलीपुढं बसवलंस. "आपण ते देव-बिव, उपास सगळं सोडलंय. पोटाला उपाशी ठेवायचं न्हाई आपल्यात, कळलं का? खा!" समोर बसून दोन भाकरी संपवायला लावल्यास. मी रडत रडत खाल्ल्या. त्या दिवशी तू जेवलीस का, हे मी आज आठवून आठवून दमले, आठवत नाही.

माझ्या कामातली एक गोष्ट मी अण्णांना सांगितली नव्हती. खाणं फार कमी पडलं की काही किडे खाणं शोधत बशीच्या कडेवर चढतात. तिथं ओल नसते, वाळून जातात. त्यांना आम्ही मेलेल्यांत धरत नाही, मोजणीतूनच काढून टाकतो, कारण ते म्हातारपणानं मेलेले नसतात. नियम बरोबर आहे, मीही पाळते. पण हल्ली ते वाळलेले काढताना मला चीड येते. कुणाची ते कळत नाही. तुझीच येत असावी.

आज दुपारी मी वांग्याचं भरीत केलं, शेंगदाण्याची चटणी वाटली. अण्णांनी भाकरी मोडली, अर्धी परत टोपल्यात टाकली, आणि माझा तोल गेला. दोन दिवस जिभेवर दाबून धरलेलं बोलून गेले, "बास करा हे नाटक! कमी खाऊन माणूस जगत असता तर माय जगली नसती का? तिच्याइतकं कमी कुणी खाल्लं होतं आपल्यात?"

त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जातील. ते म्हणाले, "तेच तर बघून राह्यलो मी."

"काय बघताय?"

"दवाखान्यात डाक्टर म्हणल्ता, हिच्या अंगात रक्तच न्हाई, ही जेवती का न्हाई? मी म्हणलो, जेवती की. मला काय ठावं? मी यायचो, खायचो, झोपायचो. मंग दिवाळीला तू म्हणलीस, कमी खाल्लं की जास्त जगतं. म्हणलं, मंग ती कमी खाण्यानं गेली न्हाई. दुसरं कायतरी झालं आसंल. सोतावर करून बघावं. मी टिकलो, तर..." ताटाकडं बघत बसले.

माय, खरं काय ते मला माहीत आहे. बशीतला किडा बी निवडत नाही, पाण्याचे हंडे वाहत नाही, त्याला पोर होत नाही आपल्यासारखं. तू कमी खात नव्हतीस, तू उपाशी होतीस. हे त्यांना सांगितलं असतं तर ते परत कधी जेवले असते का? आणि नाही सांगितलं तर तू परत एकदा मोजणीतून बाहेर. मी म्हणाले, "माय तापानं गेली, अण्णा. खाण्यानं नाही. रक्ताचं काय, डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात."

"नक्की?"

"शास्त्रज्ञ तुम्ही का मी?"

मग त्यांनी टोपल्यातली अर्धी काढली. ती खाल्ली. अजून एक मागितली, चटणी मागितली. डोळे पुसत पुसत खात होते. आता आत घोरतायत, आणि मी ओसरीवर हे लिहून राह्यले. वाटूरच्या पोस्टातून तुझ्याकडं काही जात नाही, हे मलाही कळतं. थोड्या वेळानं हा कागद चुलीत घालीन. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही, परत वेळ आली तर परत बोलीन. एवढंच, की ते ती दुसरी भाकरी खात होते ना, तेव्हा ती त्यांच्या हातातून ओढून घ्यावीशी वाटली मला.