माझं हिमोग्लोबिन

सोमवार, १३ जानेवारी
फिजिऑलॉजीचं प्रॅक्टिकल. स्वतःच्या बोटाला स्वतः लॅन्सेट टोचायचं, थेंब काढायचा, हिमोग्लोबिन मोजायचं. मी तयार होतो. हात धुतले. स्पिरिट लावलं. बोट वाळेपर्यंत थांबलो. वाळलं. तरी थांबलो.
शेजारच्या टेबलावर मृणाली असते. तिचं टोचून झालं होतं आणि थेंब शिल्लक होता. वाया घालवणं बरं नव्हे. तोच वापरला.
रीडिंग ११.२. जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं.
यात भीतीचा प्रश्न नाही. एकाच रक्तावर दोघांनी काम केलं की रीडिंग पडताळून पाहता येतं.

गुरुवार, १६ जानेवारी
जर्नल तपासताना सर थांबले. मुलगा असून अकरा पॉइंट दोन, म्हणाले, आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. नको म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं. मृणाली खाली मान घालून हसत होती.
घरी गोळ्या आईला दिसल्या. आईने बाबांना सांगितलं, बाबांनी नामाकाकांना. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वडपे गावाला कळलं, की बाळारामच्या डॉक्टर पोराच्या अंगात रक्तच न्हाय.
खरं सांगायचं तर मलाही हल्ली थकवा जाणवतो. जिन्यावर धाप लागते. ११.२ कमीच आहे.

रविवार, १९ जानेवारी
संकट.
२ फेब्रुवारीला बाबांचा वाढदिवस. त्या दिवशी आमच्या दारात दरवर्षी रक्तदान शिबिर असतं. भाऊबंद, गोडाऊनचे हमाल, ट्रकवाले, सगळे रांगेत. यंदा नामाकाकांनी परस्पर ठरवलं, की पहिलं रक्त मी द्यायचं. बॅनरवर माझा फोटो, खाली ‘पहिले रक्तदाते, भावी डॉक्टर दीपेश’. मला विचारायला हवं होतं, असं मी म्हणालो. काका म्हणाले, यात काय विचारायचं, तू तर रोज रक्तात हात घालतोस.
बाबांनी नुसता मिशीवरून हात फिरवला. मी मेडिकलची प्रवेश परीक्षा तिसऱ्या प्रयत्नात पास झालो, तोवर त्यांनी गावाचं बरंच ऐकून घेतलं आहे.
हात गार पडलेत. थंडी आहे.

सोमवार, २० जानेवारी
सुटलो. रक्तदानाला हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागतं. पुस्तकात स्पष्ट आहे. माझं ११.२. म्हणजे मला घेणारच नाहीत. इच्छा असून नाकारलं, यात बाबांचा कमीपणा नाही.
मृणालीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, दीपेश, ते अकरा पॉइंट दोन माझं आहे. तिला तपशिलात शिरायची सवय आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी
तरीही खबरदारी म्हणून निजामपुऱ्यात बॅनर छापणाऱ्याकडे गेलो. ‘पहिले रक्तदाते’ ही ओळ काढायला लावायची, हे ठरवून. ठामपणे.
दुकानदाराने ‘आइये डॉक्टरसाब’ म्हणून खुर्ची पुसून दिली आणि स्वतःच्या शुगरबद्दल विचारलं. स्क्रीनवर पाहतो तर ‘शिबीर’. ‘शिबिर’ करून घेतलं. ‘शुभेच्छूक’चंही ‘शुभेच्छुक’ केलं. माझा फोटो त्याने आपल्या मनाने मोठा केला, मी अडवलं नाही.
घरी आल्यावर लक्षात आलं, ती ओळ राहिली. पण बॅनर आता शुद्ध आहे.

मंगळवार, २८ जानेवारी
गोळ्या गुपचूप बंद केल्या होत्या. आईच्या लक्षात आलं. आता ती समोर उभी राहून गिळायला लावते, वर तोंड उघडून दाखवायला सांगते. सकाळी बीट, दुपारी कलेजी आणि तांदळाची भाकरी, रात्री परत कलेजी. पेशंट औषध का टाळतात, हे आता मला आतून कळतं. अनुभव उपयोगी पडेल.

गुरुवार, ३० जानेवारी
बॅनर नाक्यावर लागला. बाईक थांबवून खालून पाहिलं. वरच्या माणसाच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे. त्याला टोचलं तर काही होणार नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी
सराव करायचं ठरवलं. कॉलेजातून लॅन्सेट आणलं होतं. दार लावून पाकीट फाडलं. फाडताना फार आवाज होतो. टोक पाहिलं. मग लक्षात आलं, की पाकीट उघडल्यावर ते निर्जंतुक राहिलेलं नाही. टाकून दिलं. दुसरं आणलं नव्हतं.
डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी मी खाली कोसळलो ते व्हेंटिलेशन नव्हतं म्हणून. उद्या मंडप चारी बाजूंनी उघडा आहे. हीच काळजी आहे.
रक्त बघून पडणारा माणूस डॉक्टर होऊ शकतो का? कुणाला विचारू? ज्यांना विचारावं, ते सगळे मलाच डॉक्टर म्हणतात.

रविवार, २ फेब्रुवारी, सकाळ
शांत आहे. ११.२. ११.२.

रविवार, संध्याकाळ
घडलं ते क्रमाने लिहितो.
रक्तपेढीच्या टीमबरोबर मदतीला मृणाली आली होती. तपासणीच्या टेबलावर तीच. मी म्हणालो, माझं ११.२ आहे, टोचायची गरज नाही. ती म्हणाली, बॅनर छान झालाय, फोटो कुठे काढलास? मी म्हणालो, नारपोलीला. नारपोली म्हणेपर्यंत टोचून झालं होतं. बोटावर थेंब. माझा.
१५.४.
मशिनमध्ये बिघाड असावा. पुन्हा तपासू का, असं तिने विचारलं. नको म्हणालो.
बोटाला पट्टी लावून मला खाटेवर झोपवलं. काकांना बापलेकांचा एकत्र फोटो हवा होता, म्हणून शेजारच्या खाटेवर बाबांना. बाबा म्हणाले, मला पाहुण्यांचं बघायचंय. काका म्हणाले, दरवर्षी पाहुण्यांचंच बघतोस. तेव्हा लक्षात आलं, इतक्या शिबिरांत बाबांना रक्त देताना मी कधी पाहिलेलं नाही.
त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, धीर द्यायला. त्यांचा हात माझ्यापेक्षा गार होता.
सुई अजून पाकिटातच होती. पाकीट फाडल्याचा आवाज आला आणि बाबांचे डोळे फिरले.
मंडपभर एकच गलका, डॉक्टर, बापाला बघ. काय करायचं ते मला पाठ आहे. उठून उभा राहिलो. पाय वर करा, मान वळवा, गर्दी हटवा. आवाज ठाम होता, असं मृणाली म्हणते. त्यापुढचं मला आठवत नाही.
शुद्धीवर आलो तेव्हा माझेही पाय खुर्चीवर होते. समोरच्या खाटेवर आई. दंडाला पट्टा, हातात नळी, मुठीत रबरी चेंडू. शिबिराची पहिली पिशवी तिच्या रक्ताने भरत होती. तिने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
“पंचवीस वरसं याचं झाकलं,” ती हळूच म्हणाली. “आता तुझं पन झाकू काय?”
बाबांनी डोळे मिटून घेतले. मीही.

सोमवार, ३ फेब्रुवारी
घेरी येणं आनुवंशिक असू शकतं. ती शरीराची ठेवण आहे, भीती नव्हे.
शिवाय पाय वर करण्याचा निर्णय माझाच होता. म्हणजे बाबा माझे पहिले पेशंट. बरे आहेत. माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघतात.
काकांनी फोटो स्टेटसला टाकला. खुर्च्यांवर चार पाय, मागे आई. पुढच्या वर्षीच्या बॅनरवर तिचा फोटो ठरला आहे.
आज रक्तगटाचं प्रॅक्टिकल. सर म्हणाले, बोट पुढे करा. मी केलं. पट्टी दाखवली. जखम आहे सर, कालच रक्तदान शिबिर होतं. सर शाब्बास म्हणून पुढे गेले.
मृणालीने आपलं बोट टोचलं आणि माझ्या काचपट्टीवर थेंब ठेवला. मग दुसरा हात पसरून लोहाच्या उरलेल्या गोळ्या मागितल्या. दिल्या.
माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह आला.