काळ्या मातीवरचं काँक्रीट

नाशिक, मंगळवार, १२ मे १९९८

फाटकापासून पोर्चपर्यंतच्या काँक्रीटला पडलेल्या भेगेत आता माझं बोट पेरभर जातं. मागच्या वर्षी अप्पांना परोपरीनं सांगितलं होतं, खालची काळी माती उन्हात आकसते, पावसात फुगते. ती काढा, मुरूम भरून दाबा, मग काँक्रीट टाका.

"कॉलेजातलं कॉलेजात ठेव. गवंड्याला कळत नाही का?"

आणि मी? साइटवर दहा माणसांना झापणारी मी, गुपचूप चहा टाकायला गेले!

आज संध्याकाळी शेजारचे काका त्याच भेगेत ठेचकाळले. त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं हो?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "आमची मुलगी इंजिनिअर ना, तिनंच करून घेतलंय."

मी दारात उभी होते. हातात चहाचा ट्रे.