सहावी काच

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आले बाई एकदाची सिल्वासाला! वापी स्टेशनपासून रिक्षावाल्याने थोडं गुजरातीत, थोडं हिंदीत आणि मी चिपळूणची म्हटल्यावर उरलेलं मराठीत अख्खं गाव समजावून सांगितलं. तिन्ही भाषांत मिळून प्रश्न मात्र एकच विचारला, एकट्याच आलात का. हो म्हटलं.

क्वार्टर तळमजल्याचं आहे, शाळेपासून चालत सात मिनिटांवर. दोन खोल्या, पुढे ओटा, मग अंगण आणि हिरवं फाटक. टेबल बाहेरच्या खोलीत मागच्या भिंतीला लावलं. दार उघडं असलं की टेबलावरून थेट फाटक दिसतं, म्हणून मधुकरचा कॅमेरा दाराकडे तोंड करून तिथेच ठेवला. त्याला येणारं-जाणारं माणूस बघायची फार हौस. (चारचौघांत मी नवऱ्याला 'हे' म्हणते. रोजनिशीत मधुकर. इथे कोण नाक मुरडणार?)

पुण्याहून हर्षलचा फोन आला. चौपन्नाव्या वर्षी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर शिकवायला परमुलखात जायचं काय अडलं होतं, असं त्याचं म्हणणं. मधुकर गेल्यापासून सव्वा वर्ष मी चिपळूणच्या घरात भिंतींशी बोलत होते, हे मुलाला कसं सांगायचं? निदान इथल्या भिंती नव्या आहेत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

वर्ग गोड आहे. निम्म्या मुलांचे आईबाप धुळे-नंदुरबारकडचे, मसाट नाहीतर गलोंड्याच्या कारखान्यांत कामाला. शाळा सुटताना गुड्डी नावाची एक ठमी मला रोज बजावते, "मॅडम, उद्या येजा बरं का!" जणू मीच दांडी मारणार आहे. कामाला किलवणीहून कमळाबाई येतात. त्या बोलत नाहीत, भांडीच काय ती बोलतात.

संध्याकाळी मात्र घर खायला उठतं. आज कॅमेरा पुसायला घेतला तर लेन्समध्ये बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलीय, आणि फोकसची रिंग तर हलतच नाही. मला रडूच आलं. मधुकरने आयुष्यभर याच काचेतून माझ्याकडे पाहिलं. ती अशी आंधळी होऊन चालणार नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

शाळेच्या शिपायाने मसाटचा नवनाथ सुचवला. पोरगेला, शिंदखेड्याकडचा. आठवडाभर कारखान्यात पाळी करतो आणि सुटीच्या दिवशी खोलीवर कॅमेरे, दुर्बिणी उघडून बसतो. खोलीत इतर पसारा होता, पण त्याच्या कामाच्या टेबलावर धुळीचा कण नव्हता. असं टेबल ठेवणाऱ्यावर माझा ताबडतोब विश्वास बसतो.

लेन्समध्ये सहा काचा असतात, बुरशी आतल्या काचांवर आहे, सगळं सुटं करावं लागेल, असं त्याने नीट समजावून सांगितलं. मी त्याला मास्तरणीच्या आवाजात ताकीद दिली, यातलं काही बदलायचं नाही, ही माझ्या नवऱ्याची आठवण आहे. त्याने मान हलवली. "टेन्शन नका घेजा, मॅडम," म्हणाला.

१ डिसेंबर, रविवार

लेन्स आली! काच झऱ्याच्या पाण्यासारखी स्वच्छ, रिंग अशी फिरते की बोटांना कळत नाही. वापरात नसेल तेव्हा रिंग आडव्या आठवर ठेवायची, असं नवनाथने सांगितलं. आडवा आठ म्हणजे दूर, अगदी क्षितिजापर्यंत. तशीच ठेवली.

आत रीळ नाही, तरी डोळा लावून तासभर बसले. हिरवं फाटक किती सुरेख दिसतं!

३ डिसेंबर, मंगळवार

गंमतच झाली. शाळेतून आले तर रिंग आडव्या आठवर नाही, दहावर. दहा मीटर. डोळा लावला, फाटक लख्ख, बाकी सगळं धूसर. कमळाबाईंना विचारलं. त्यांनी हात लावला नव्हता. मी विचारलं म्हणून दुखावल्याच त्या. रिंग परत फिरवून ठेवली.

५ डिसेंबर, गुरुवार

आज पाचवर. डोळा लावला तर ओट्याची पायरी स्पष्ट, तिच्यावरचा पोपडासुद्धा.

लिहायला लाज वाटते, पण लिहितेच. परवा फाटक. आज पायरी. कोणीतरी घरी येतंय. बँकेतून सुटला की मधुकर असाच यायचा, फाटकाची कडी, मग पायरीवर चपला झटकणं. मी दोन कप चहा टाकला आणि दोन्ही मीच प्यायले. सव्वा वर्षात पहिल्यांदा चहाला चव होती.

७ डिसेंबर, शनिवार

तीन! तीनवर आहे. दार. उंबऱ्यावरची खिळ्याची डोकी मोजता येतात.

आज रिंग मागे फिरवली नाही. येऊ दे त्याला. ठेवणीतली हिरवी साडी नेसून बसले. दारात कोणी दिसलं नाही, पण नसेल दिसत. कमळाबाईंनी साडीकडे पाहिलं आणि भांडी तशीच टाकून गेल्या. जाईनात का.

८ डिसेंबर, रविवार

नवनाथकडे लाडू घेऊन गेले. आभार मानायचे होते, आणि रिंग आपोआप फिरते का, तेही सहज विचारायचं होतं. त्याने मान हलवली. नवं ग्रीस दाट असतं, बोट लावल्याशिवाय ती हलायची नाही. कुठून कुठे फिरली, त्याने विचारलं. मी सांगितलं. फाटक, पायरी, दार.

त्याने हातातला लाडू खाली ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, राग नका मानजा."

बुरशीने एक काच पार खाल्ली होती. त्याने ती बदलली आणि मी रागावेन म्हणून सांगितलं नाही. तशाच दुसऱ्या एका लेन्समधली काच काढून घातली. ती लेन्स त्याच्या गावच्या भिका फोटोवाल्याची. भिका गेल्यावर त्याच्या बायकोने नवनाथला दिली होती. भिका मयताचे फोटो काढायचा. गावात पुष्कळांचा जिवंतपणी एकही फोटो नसे. माणूस गेलं की भिकाला बोलावणं जाई. त्याची पद्धत ठरलेली होती. आधी रस्त्यावरून फाटकासकट घर. मग ओटा. मग दारात जमलेली माणसं. आणि सगळ्यात शेवटी, अगदी जवळ जाऊन, चेहरा. त्या लेन्सने भिकाने दुसरं काही काढलंच नाही.

म्हणजे तो मधुकर नव्हता.

आधी भीती नाही वाटली. आधी इतकं वाईट वाटलं की रस्त्यातच बसावंसं झालं. भीती घरी येऊन कुलूप उघडताना वाटली.

बुधवारी पाळी लवकर सुटते, तेव्हा लेन्स आणा, चार वाजता काच काढून देतो, असं नवनाथ म्हणालाय.

९ डिसेंबर, सोमवार

रिंग अजून तीनवर. आडव्या आठवर फिरवली, झाकण लावलं, कॅमेरा ट्रंकेत टाकला. वर गाद्या.

नदीत फेकून देता येईल. पण पाच काचा मधुकरच्या आहेत. एका परक्यापायी पाच कशा फेकू?

तिसरा फोटो दारात जमलेल्या माणसांचा. माझ्या दारात कोण जमणार? दिवसभर तेच डोक्यात. तो भिका माणसांसाठी थांबलाय. माणसं नाहीत म्हणून तो तीनवर अडकलाय.

१० डिसेंबर, मंगळवार

कॅमेरा टेबलावर. गाद्या ट्रंकेवर जशाच्या तशा. झाकण नाही.

रिंग एकवर. म्हणजे थांबला नाही. दार रिकामंच घेतलं त्याने —

एक मीटरवर काय आहे? माझी खुर्ची.

हर्षलला फोन केला, आत्ता ये म्हटलं. आवाज घट्ट ठेवायला हवा होता, नाही जमलं. तो मीटिंगमध्ये होता. शनिवारी बघतो म्हणाला. कमळाबाईंना आज थांबा म्हटलं, पण त्यांची शेवटची गाडी असते.

डावा हात जड वाटतो. काल गाद्या उचलल्या म्हणून असेल.

११ डिसेंबर, बुधवार

शाळेत गेले नाही. चारला मसाट. तीन वाजलेत. कॅमेरा पिशवीत घालायला खुर्चीवर बसले —

रिंग ०.४५ वर. याच्यापुढे आकडा नाही.

मोजपट्टी लावली. काचेपासून माझ्या नाकापर्यंत पंचेचाळीस सेंटिमीटर. बरोबर पंचेचाळीस.

उठवत नाही. हात तेवढा लिहितोय —

मागे चपलांचा आवाज. मान वळवून पाहिलं. दारात माणसं. किती तरी. कमळाबाई, डोक्यावर पदर घेऊन. शाळेतल्या बाई. नवनाथ. गुड्डी आईचा हात धरून. हाक मारली. कोणी बोलत नाही. सगळी खाली बघतायत —

हर्षल! हर्षल आलाय. शनिवारी येणार होता ना — आज तर बुधवार — रडतोय का हा —

अरे मी इथे आहे, टेबलापाशी. इकडे बघ ना. कॅमेऱ्याकडे नको, माझ्याकडे —

एवढी माणसं माझ्या दारात कधी —