इथलं पाणी मानवलं

तीर्थरूप काका,

दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता नमस्कार. दादाकडे राहायला गेल्यापासून गुडघा जास्त कुरकुरतो की तुम्ही, हे काकूला विचारून कळवा. मी बरी आहे. नोकरीही अजून आहे, पण पराक्रम झालाय, तेव्हा बसून वाचा.

तळ्याच्या कार्यालयात नवीन अधिकारीबाई आल्या (चष्मा जाड, हसणं बेताचं) आणि त्यांनी तुमची लाकडी मापपट्टी बाजूला सारून स्टीलची आणली. पहिल्याच दिवशी तळ्यातले सगळे मासे एकेक इंच आखूड भरले. बाईंनी तुमची वीस वर्षांची वाढीची वही काढली, आणि पाणी बिघडलंय, मासे खुंटलेत, आता बाहेरून माशांची बोटाएवढी बोटुकली आणून सोडू नये, असा अहवाल लिहायला घेतला. तळ्यावर जगणारी सात घरं तोंड पाडून दारात उभी.

खरं कारण मला ठाऊक होतं. मी चौथीत असताना अभ्यासाचं टेबल डुगडुगतं म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि तुम्ही मापपट्टीचा शून्याकडचा इंचभर तुकडा कापून टेबलाच्या पायाखाली सारलात. पुढे परगावची बोटुकली आली. सोबतच्या चिठ्ठीत तीन इंच, आपल्या पट्टीवर चार. तुम्ही वहीत शेरा मारलात, ‘इथलं पाणी मानवलं.’ (तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का, हे मी विचारणार नाही.) त्या वाढीबद्दल तुम्हाला मिळालेलं प्रशस्तिपत्रक काकू अजून पुसते, म्हणून तर जीभ रेटेना. तुमच्या सदऱ्याला येणारा ओल्या जाळ्यांचा वास आठवत राहिला. त्याच टेबलावर शिकून मी तुमच्या खुर्चीत बसलेय.

शेवटी घरच्या टेबलाखालचा तुकडा काढून बाईंपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो पट्टीला जुळवून पाहिला, टेबल कोणाचं ते विचारलं आणि अहवाल फाडला. बोटुकली सोमवारी येतेय. वहीतल्या प्रत्येक माशातून एक इंच वजा करायचं काम अर्थात माझ्याकडे. वजा करूनही मासे चांगलेच वाढलेत, काका.

तुमची,
(तुम्हीच नाव ठेवलेली) बोटुकली

ता. क. अक्षर वाकडं आलंय ते भीतीने नव्हे. तुकडा फायलीत गेला आणि टेबल पुन्हा डुगडुगतंय.

आणखी ता. क. पायाखाली कागदाची घडी घातली की भागतं, हे मला कळतं. तरी तुम्हीच या.