नौफेलच्या नावाचं मीटर

थाला, १४ ऑक्टोबर

लाडक्या नौफेल,

सलाम. आम्ही दोघी ठीक आहोत. बदाम झोडपून झाले. तुझ्या वाटणीचे आईने नेहमीसारखे वेगळे बांधून ठेवलेत. माझे केस निम्मे पांढरे झाले. तू असतास तर चिडवून जीव नकोसा केला असतास.

नोकरीची गंमत सांगते. वीज कचेरीने फोनवर बिलं पाठवायची नवी व्यवस्था आणली आणि ती खेड्यांत कशी चालते हे तपासायला मला पाठवलं, तेही आपल्याच गावात. व्यवस्था चांगली आहे, खोटं कशाला बोलू? बिलं चुकत नाहीत, लोकांचे हेलपाटे वाचले. फक्त मोंसेफकाका आता मीटर बघायला येत नाहीत.

वरची खोली बांधलीस तेव्हा मीटर तू स्वतःच्या नावावर घेतलंस ना? इटलीच्या बोटीत बसून गेलास, पुढे तुझा एक फोन नाही, पण काका दर महिन्याला दारातून हाक मारायचे, "नौफेल, वीज!" मीटर ज्याच्या नावावर, त्यालाच हाक मारायची ही इथली रीत. आई आतून म्हणायची, "घरात नाही रे, येईल आता. तू चहा घेऊन जा." तेवढ्यावर तिचा महिना निघायचा.

नव्या व्यवस्थेत मीटरमालकाला कचेरीत येऊन चेहरा दाखवावा लागतो. रकाने दोनच: हयात, हयात नाही. मी अहवालात लिहिलं, तिसरा हवा, बेपत्ता. साहेब हसले. "अहो रफीका, बेपत्ता माणूस वीज कशी जाळेल?"

"त्याची आई जाळते," मी म्हटलं. त्यांनी अहवाल वर पाठवला, पण रकाना काही आला नाही.

चेहरा दाखवायची मुदत संपली की वीज तोडणार होते. आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. तिला विचारलं, तर म्हणाली, "मीटरवरून त्याचं नाव काढलंस तर या घरात पाय ठेवू नकोस."

नौफेल, मी काढलं. 'हयात नाही'वर खूण केली आणि कचेरीच्या जिन्यात बसून पोटभर रडले. मीटर आता आईच्या नावावर आहे. तिला वाचता येत नाही, आणि बिल माझ्या फोनवर येतं.

काल बिल आल्याचं सांगितलं, तर ती रुसून बसली. "आलं म्हणतेस, मग हाक कुठे मारली कुणी?"

मी चप्पल घातली, बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि ओरडले, "नौफेल, वीज!"

"घरात नाही गं," आई आतून म्हणाली. "येईल आता."

ये रे. ये आणि मला खोटी पाड.

तुला कागदावर मारून दारात तुझी वाट बघणारी,
तुझी ताई
रफीका