पाणमांजर तळ्यातल्या जुड्या

१२ ऑगस्ट

पाटी लागली! पाणमांजर तळ्याच्या तोंडाशी, होड्या खांद्यावरून उतरवतात तिथेच. माझ्या नातीने, शॉनाने, वाचून दाखवली; ही वहीही मी सांगते आणि तीच लिहिते— "माणसाचा स्पर्श न झालेलं तळं. असंच राहू द्या." मी तिला पुन्हा वाचायला लावलं. पाच पोरं मी त्याच तळ्यातल्या बेटावर जन्माला घातली. ती काय बदकांनी उबवली?

१४ ऑगस्ट

हौशी वल्हेवाल्यांच्या संस्थेचे प्रेंटिस घरी आले. माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर चहा पाजला नसता. तळं राखीव करायचं म्हणतात. खाण नको, लाकूडतोड नको, मोटारबोट नको. म्हटलं, शाबास! मग कप अर्धा झाल्यावर हळूच— तळ्यात आपलं आपण उगवतं ते धान होडीत झोडपून घेणंही नको. बदकांचं खाणं आहे ते.

"आजी, तुमच्यासाठीच जपतोय हो आम्ही हे सगळं."

माझ्यासाठी! मग मलाही भुसा भरून काचेच्या कपाटात उभी करा.

महिनाअखेरीला सरकारी बाई पाहणीला येणार आहे. धानाचा जेवढा तुकडा कोणी राखतंय असं डोळ्यांना दिसेल तेवढा वगळणार. तोंडी गोष्टी चालणार नाहीत. "मी चार उन्हाळे तिथे वल्हवतोय," प्रेंटिस म्हणाले, "मला तरी रानच दिसलं."

शॉना तरी कशी बोलणार? उन्हाळाभर नात माझी त्यांच्याच टोळ्यांना तळ्यातळ्यांतून वाट दाखवते. पगार त्यांचा, भाकरी माझ्या तव्यावरची.

१५ ऑगस्ट

झोप नाही. मी लहान असताना आमची पोरं आईबापांपासून तोडून दूरच्या सरकारी शाळेत न्यायला विमान यायचं; तिथे आपली भाषा बोललं की मार. पाण्यावर उतरायचं. बाप मला होडीसकट धानात ढकलायचा आणि म्हणायचा, शिंकलीस तर बघ. धान माझ्या डोक्याच्या वर. विमान रिकामं जायचं. म्हणून मला अक्षर आलं नाही, आणि म्हणून माझी भाषा राहिली. अस्पर्शित म्हणे!

१९ ऑगस्ट

"इतके दिवस कुठे होतीस, आजी?" शॉना विचारते.

मासे धरायला. लिही— मासे धरायला.

"एकही आणला नाहीस."

हल्ली मासेही ओळख दाखवत नाहीत गं म्हातारीला.

२४ ऑगस्ट

कंबर धरली आहे. शॉना कामावरून आली ती न जेवता झोपली. आत्ता उठून लिहितेय. आणखी काही नाही.

२६ ऑगस्ट

आता खरं लिही. मासे नव्हतेच. मी आणि क्लेमंटभावजी तळ्यावर जुड्या बांधत होतो.

माझी आई बांधायची. दाणा दुधात असतो तेव्हा उभं धान मुठीमुठीने जवळ ओढायचं आणि सालीच्या ओल्या दोरीने पाण्यातच बांधायचं. वारा दाणा पाडत नाही. आणि लांबून बघणाऱ्याला कळतं, ही रांग अमक्या घरची. इथे दुसऱ्याने हात घालायचा नाही. कुंपण नाही, पाटी नाही, दोरी पुरायची. हल्ली कोणी बांधत नाही. सरकारी बाईला दिसावं म्हणून बांधल्या. भावजींनी आधी तळ्याचा मान म्हणून पाण्यात चिमूटभर तंबाखू सोडली, मग काठीने होडी ढकलत बसले आणि वर मलाच— "वहिनी, अशीच वाकून राहिलीस तर तुझीपण जुडी बांधीन!"

शॉनाला सांगितलं नाही. तिच्या तोंडून त्यांच्यात निसटेल म्हणून.

आज बघायला गेलो. धान उभं, दोऱ्या सगळ्या कापलेल्या! एकूण एक. फाटलेल्या नाहीत, कात्रीने कापलेल्या. बोटभर टोक एका काडीला चिकटलेलं, बाकी दोरीचा तुकडासुद्धा मागे नाही. पुन्हा बांधायला दाणा आता दुधात नाही, ओढला की गळतो. भावजी म्हणाले, साफसफाईवाल्यांची टोळी इथून गेली रविवारी. कचरा गोळा करत.

माझ्या आईची गाठ— कचरा!

लिही. ज्या हाताने कापल्या त्या हाताची नखं गळोत. त्या हाताची भाकरी कधी फुगू नये. त्या हाताच्या जाळ्याला जन्मात मासा लागू नये. त्या हाताचं पोर त्याचं बोट धरू नये.

पेन्सिल थांबली. हळू बोलू का, विचारलं. "नको," म्हणाली. "लिहितेय."

२८ ऑगस्ट

सरकारी बाई आली. तरुण आहे. होडीत मात्र नीट बसली, हे मानलं. धानाकडे बघून म्हणाली, "किती सुंदर! कोणी हातही लावलेला नाही."

लावला होता, बाई. पुसला कोणीतरी.

भावजींनी उरलेल्या दोरीचं वेटोळं पुढे केलं. तिने हातात घेतलं, वास घेतला, परत दिलं. "काका, मी दोरीवर नाही लिहू शकत. दिसलं त्यावरच लिहावं लागतं." आवाजात माया होती. मायेनेच मारतात ही माणसं.

१ सप्टेंबर

तुकडा वगळला नाही. सगळं तळं राखीव. धानाला हात लावला तर दंड. वल्हवा हवं तेवढं, फोटो काढा, शेकोटी नेमल्या जागी.

प्रेंटिसनी केक पाठवला. भावजींनी खाल्ला. "केकचा काय दोष, वहिनी?"

४ सप्टेंबर

वारा आहे. दाणा गळतोय पाण्यात. इथवर वास येतो, की मलाच येतो?

त्या हाताला झोप लागू नये. हेही लिही.

७ सप्टेंबर

कात्री शॉनाची होती. आज जेवताना सांगितलं. टोळी पुढे गेली तेव्हा ती एकटीच मागे थांबली होती. जुडी तिने जन्मात पाहिली नव्हती. "बाहेरचं कोणीतरी येऊन तुझं धान अडवतंय असं वाटलं गं, आजी."

म्हटलं, वही आण. माझे शाप वाच.

वाचले तिने. नखं, भाकरी, जाळं, पोर, झोप. गाळले असते तर मला कुठे कळणार होतं? एकही गाळलेला नव्हता.