भिंतीकडे तोंड केलेला पंखा

आई,

तुला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि उत्तर फिरवून देऊ नकोस. त्या दिवशी तू जे म्हणालीस ते खरं होतं का? तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि ते वाक्य त्याच्याही वर्षभर आधीचं आहे, पण गेले पंधरा दिवस मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय. आधी माझा तुझ्यावर विश्वास नव्हता. मग डॉक्टरीणबाईंवर नव्हता. बाबांवर तर कधीच नव्हता. आता सगळे सुटले आणि मी एकटाच अडकलोय असं दिसतंय, म्हणून लिहायला बसलो. मला लिहायची सवय नाही, हे तुला माहीतच आहे. शाळेत निबंधही तूच सांगायचीस, मशीनवर पाय चालवत.

मे महिना होता. कल्याणच्या आपल्या त्याच दोन खोल्या, खिडकीखाली तुझं मशीन, मांडीवर कुणाच्यातरी लग्नाची हिरवी साडी आणि तू फॉल लावतेयस. स्टुलावर टेबलफॅन, तुझ्या तोंडासमोर. मी बारा वर्षांचा, फरशीवर उघडा पडलोय. बाबा दुपारपाळीला निघायच्या तयारीत आहेत. ते येतात, तुझ्याकडे बघतात, आणि पंखा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवतात. तू मान वर करतेस तर तुझ्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहतंय. मी बघतोय. एक थेंब हिरव्या साडीवर पडतो आणि तू तो घाईघाईने पदराने टिपतेस, डाग राहील म्हणून. बाबा तुला म्हणतात, "मीट आधी डोळे. किती वेळा सांगायचं?" त्यांचा आवाज तुला माहीतच आहे, जेवायला बोलावलं तरी दरडावल्यासारखा यायचा.

मी उठलो, पंखा परत तुझ्याकडे फिरवला आणि म्हणालो, "आधी रडवायचं आणि वर पंखा पण काढून घ्यायचा." तू म्हणालीस, "अरे, मी रडत नाहीये. डोळे कोरडे झालेत माझे." मी तुझ्या ओल्या गालांकडे बघितलं आणि हसलो. फार वाईट हसलो. बाबा गेले, डबा ओट्यावरच राहिला. तू मला म्हणालीस की बापाशी असं बोलायचं नसतं, आणि त्या दिवशी पुन्हा मशीनला हात लावला नाहीस. मी त्याचाही अर्थ माझ्या सोयीने लावला.

त्यानंतर मी पाळतच ठेवली म्हण ना. शाळेतून लवकर आलो की कधीकधी आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि बाबांचा आवाज यायचा. "मीट. नीट मीट, अर्धवट नको. आता उघड." तुझा आवाज नाहीच. मी दाराबाहेर मुठी आवळून उभा. मग तू बाहेर यायचीस ती डोळे लाल, चेहरा ओला, हातात पिळलेला रुमाल. एखाद्या मुलाने याचा काय अर्थ लावायचा, तूच सांग. मी तुला चहा करून द्यायचो, सुई ओवून द्यायचो, आणि बाबांशी लागेल तेवढंच बोलायचो. त्यांना 'बाबा' म्हणून हाक मारणं मी तेव्हाच बंद केलं. 'अहो' पण नाही. समोर जाऊन उभा राहायचो आणि सरळ बोलायला लागायचो.

मग तो डेंग्यूचा आठवडा आला आणि तू गेलीस. घरात आजूबाजूच्या बायका बसलेल्या, त्यातली एक दुसरीला म्हणाली, "किती रडायची हो बिचारी, कधीही बघा डोळ्याला पदर." मला साक्षीदार मिळाला. आणि कोपऱ्यात बाबा, डोळ्यांत टिपूस नाही. खटला तिथेच निकालात निघाला, अकरा वर्षांसाठी.

पुढचं तुला माहीत नाही, तर सांगतो. दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं. लॅबमध्ये एक जण एका मुलीबद्दल वाकडं बोलला, मी त्याची कॉलर धरली, सरांनी माफी माग म्हटलं, मी बॅग उचलली ती उचललीच. ती मुलगी मला दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी तुला सांगितलेलं का भांडायला?" त्या दिवसापासून आजपर्यंत, आई, मी त्या मुलीतून बाहेर आलेलो नाही. ती कळव्याला राहते, शिकली, ठाण्यात नोकरीला लागली. मी डोंबिवलीला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. दिवसभर भिंगाखाली बोर्ड, बाजूला गरम हवेची गन, आणि गरमी होते म्हणून तोंडावर छोटा पंखा. तू असतीस तर ओळखलं असतंस. मशीन वेगळं, बाकी बैठक तीच.

ती माझ्यावर प्रेम करते, असं ती म्हणते. मी मात्र तिच्या फोनवर उजेड पडला की कोण म्हणून विचारतो. ऑफिसातून निघायला उशीर झाला की कुणाबरोबर थांबलेलीस. दोनदा तर फोन दाखव म्हणालो, आणि दोनदा तिने दाखवला. त्यात काही नव्हतं, तर मला वाटलं, पुसलं असेल. कुणी तोंडावर काही सांगितलं की त्याच्या मागे दुसरंच काहीतरी असणार, हे मी आपल्या घरातच शिकलो ना.

दोनेक महिन्यांपासून माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जळजळ, वाळू गेल्यासारखं, आणि मग धार. मालक म्हणाले, "गिऱ्हाईकाला वाटतं मोबाईल मेला म्हणून तू रडतोयस. जाऊन दाखव." गेलो एकदा, ठाण्यात वर्तकनगरला एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध टाकलं, निळा उजेड धरला आणि पापणी मिटू नका म्हणून आकडे मोजायला लागल्या. चारपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पाण्याचा पडदा फाटला. डोळे कोरडे आहेत तुमचे." माझ्या गालावर तेव्हा पाणी होतं. मी हसलो. तसाच, तुला हसलो होतो तसा.

बाईंना राग आला नाही. त्यांनी समजावलं की आमटीवर तवंग असतो तसा डोळ्यातल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर असतो, ते तेल पापण्यांच्या काठातून येतं. माणूस बारीक कामात गढला की पापणी कमी लवते, लवली तरी पुरती मिटत नाही, मग ते तेल नीट पसरत नाही, आणि खालचं पाणी उडून जातं. डोळा जळतो. जळला की शरीर घाबरून पाणी सोडतं, पण ते नुसतंच पाणी, टिकत नाही, गालावर येतं. म्हणजे बाहेरून धार आणि आतून कोरडं. मग काय काय करायचं ते सांगितलं. कोमट पाण्यात रुमाल पिळून दिवसातून दोनदा मिटलेल्या पापण्यांवर धरायचा. डोळे सावकाश पूर्ण मिटायचे, अर्धवट नाही. अधूनमधून मान वर करून लांब बघायचं, दुकानाबाहेर, रस्त्यापलीकडे. चोळायचं नाही. थेंब टाकायचे. पूर्ण बरं होईलच असं नाही, पण सांभाळता येतं, म्हणाल्या. आणि सगळ्यात आधी तो पंखा तोंडावरून काढा.

मी काय विचार केला असेल? खाली औषधाचं दुकान आहे, बाईंचं कमिशन असणार. घरात कुणाला हा त्रास होता का, असं त्यांनी विचारलं, तर मी पटकन नाही म्हणालो. कागद खिशात घातला, जिना उतरलो, आणि शेवटच्या पायरीवर पाय थांबले. पंखा. अर्धवट नको. पिळलेला रुमाल. मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही, मागून कुणीतरी बाजूला व्हा म्हणालं.

तिथून मी तलावपाळीला गेलो, तिने बोलावलं होतं. आम्ही कठड्यावर बसलेलो, तलावावरून वारा येत होता, थेट तोंडावर. तिने सांगितलं की घरच्यांनी एक स्थळ आणलंय, आणि मी पुढे काय करणार आहे ते तिला आजच ऐकायचंय. मी ते सोडून विचारलं की त्या मुलाचा नंबर तुझ्याकडे आहे का. तिने पर्स खांद्याला लावली आणि ती उठली. ती खरंच चाललेली, आई, मला तिची चाल कळते. आणि तेवढ्यात माझे डोळे वाहायला लागले. तिने वळून बघितलं. "रडतोस?" ती म्हणाली. "तू?"

डॉक्टरीणबाईंचा कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. दोन तासांपूर्वीचा. मी तो बाहेर काढला नाही.

ती परत बसली. तिने माझा हात धरला, म्हणाली की घरी थांबायला सांगते, पण पुन्हा फोन दाखव म्हणायचं नाही. मी मान हलवली आणि तोंड वाऱ्याकडेच ठेवलं. हे लिहिताना लाज वाटतेय. मी मुद्दाम वाऱ्याकडे तोंड ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर थेंबांची बाटली ठेवलेली, बाबा पाणी प्यायला आले. बाटली उचलून लांब धरून वाचली त्यांनी. म्हणाले, "टाकताना बाटलीचं तोंड पापणीला लावू नकोस. आणि रुमाल गार झाला की परत बुडवायचा, तसाच ठेवायचा नाही." मी म्हणालो, तुम्हाला कसं माहीत. "तुझ्या आईला मीच टाकायचो. तिला स्वतःच्या हाताने जमायचं नाही, बाटली जवळ आली की पापण्या घट्ट आवळायची." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तिने सांगितलेलं. तू हसलास."

मी भांडलो, अर्थात. म्हणालो, तुम्ही पण तिच्यावर ओरडायचात, मी ऐकलंय. त्यांनी नाकारलं नाही. "ओरडायचो. भांडणं पण व्हायची. सगळंच पाणी आजाराचं होतं, असं मी म्हणणार नाही." आणि कामाला निघून गेले. आता यातला कुठला थेंब कुठल्या खात्यात टाकू, आई? मला निदान तुला विचारता आलं असतं.

म्हणून तुझ्यावर संशय आहे, तोही लिहून टाकतो. तू एकदाच सांगितलंस. दुसऱ्यांदा का नाही? मला जवळ बसवून, बाटली दाखवून सांगितलं असतंस तर? मी हसलो म्हणून दुखावलीस, की मी तुझ्या बाजूने उभा राहतो, चहा करतो, सुई ओवतो, हे तुला बरं वाटायला लागलेलं? रागावू नकोस. पंधरा दिवसांपूर्वी असा प्रश्न मला सुचला नसता. पण आता मला माहीत आहे की कुणी आपल्याला रडताना बघून परत येऊन बसलं की तोंड उघडत नाही. तिचा रोज मेसेज येतो, ठीक आहेस ना, रडला नाहीस ना. आणि मला रोज वाटतं, ही माझ्यासाठी थांबली की त्या पाण्यासाठी? संशय घ्यायला आता दुसरं कुणी उरलंच नाही.

या रविवारी ती घरी येणार, बाबांना भेटायला. बाबा बोलण्याबोलण्यात ती बाटली काढणारच. काल दुपारी दुकानातून मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं, खिशातल्या कागदासकट. ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तुला काहीच वाटलं नव्हतं?" मी म्हणालो, वाटलं होतं, तू उठलीस तेव्हा घाबरलो होतो, पण पाणी त्याचं नव्हतं. तिने फोन ठेवला. संध्याकाळी मेसेज आला. "रविवारी येते. थांबायचं की नाही ते काकांशी बोलून ठरवेन. तुझं ऐकून नाही." आता तिलाही माझ्यासारखं झालंय. हे मी तिला दिलं.

आज सकाळी बाबांनी माझ्यासाठी रुमाल पिळून ठेवलेला. मला हाक मारायची होती. ओठांपर्यंत आली आणि मी नुसतं, गार झालाय, म्हणालो. त्यांनी तो परत बुडवून दिला.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, तुझं मशीन अजून खिडकीखालीच आहे, त्याच्या खणात जाईल. आणि त्या खणावरून एक राहिलंय. तुझ्यासाठी बॉबिन काढायला मीच तो खण उघडायचो. तिथे एक छोटी पांढरी बाटली असायची. मशीनचं तेल असेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आई, मला वाचता येत होतं. त्या बाटलीवर डोळ्याचं चित्र होतं, आणि मी ते पंखा फिरवायच्या आधीच बघितलं होतं.